पडद्यावर दार बंद होतं

बारा वर्षं मी ते काम केलं आणि बारा वर्षं घाबरत केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्या मंडळाच्या संपादकांनी फोनवर मला बजावलं होतं की कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. गमती होत्या, अगदीच नव्हत्या असं नाही. पण बासष्टाव्या वर्षी माणूस लिहायला बसला की हात ज्या गोष्टीकडे आपोआप जातो ती गमतीची असतेच असं नाही. संपादकांना नाही आवडलं तर त्यांनी खुशाल परत पाठवावं, मला राग यायचा नाही. आला तरी मी तो गिळीन.

माझं काम नेमकं काय होतं ते माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची सून कारखान्यात कंप्युटर लावते," एवढंच त्या बेंगळुरात आमच्या जयनगरच्या भिशीत सांगायच्या, आणि बायकांना वाटायचं मी ती पेटी टेबलावर ठेवून, वायर खोचून घरी येते. तर थोडं समजावून सांगते. तीसचाळीस माणसांचा एखादा छोटा कारखाना घ्या. मोठ्या कारखान्याला लागणारे सुटे भाग तो बनवून देतो. भागाचं ड्रॉइंग एका टेबलावर, ते कसं कापायचं याचा प्रोग्रॅम दुसऱ्या माणसाकडे, माल किती शिल्लक आहे ते स्टोअरकीपरच्या वहीत, आणि आज कुठला जॉब आधी घ्यायचा ते फोरमनच्या डोक्यात. फोरमन तुमकूरला भाचीच्या लग्नाला गेला की अर्धा कारखाना बसला. मी हे सगळं एका धाग्यात ओवायची. ड्रॉइंग कंप्युटरवर, त्यातून प्रोग्रॅम तयार, तो वायरीतून थेट मशीनच्या पोटात, किती नग झाले ते त्याच वायरीतून परत, आणि शिल्लक आपोआप कमी.

मोठ्या कंपन्यांत हे आधीच आलं होतं. नव्वदच्या दशकात त्या कंपन्या आपल्या छोट्या पुरवठादारांना विचारायला लागल्या, तुमच्याकडे कंप्युटर आहे का? नसेल तर ऑर्डर दुसऱ्याला. मग बिचारे मालक घाबरून मशीन घ्यायचे आणि घाबरून मला बोलवायचे. कामगार घाबरायचे की ही बाई आपल्या पोटावर पाय द्यायला आली. स्टोअरकीपर घाबरायचे की वहीतल्या लबाड्या आता उघड्या पडणार. आणि या सगळ्यांच्या मध्ये, खांद्याला पिशवी लावून, सगळं माहीत असल्याचा आव आणून उभी असायची मी. आतून माझी पाचावर धारण बसलेली असायची.

कारण बँकेत कंप्युटर चुकला तर कागदावर चूक होते, खोडता येते. आमच्याकडे चूक झाली की दीडशे किलोचं लोखंड डोळ्याचं पातं लवायच्या आत इकडचं तिकडे जातं. एक शून्य कमी पडलं म्हणून कापायचं हत्यार जॉबच्या बाजूला थांबायचं सोडून जॉबमध्ये घुसताना मी पाहिलंय. तो आवाज एकदा ऐकला की आठवडाभर जेवण जात नाही. प्रत्येक नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना मी डावा हात लाल बटणावर ठेवून उभी राहायची. घरी आल्यावर नवरा विचारायचा, हात का थरथरतोय? मी म्हणायची, बसमध्ये दांडा धरून उभी होते.

गंमत हवीच असेल तर राजाजीनगरच्या एका मालकाची सांगते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, राहुकाळात कंप्युटरने एकही नवा जॉब सुरू करायचा नाही. सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी तीन ते साडेचार, असा आठवड्याचा तक्ताच त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी मनात कपाळावर हात मारला, पण गिऱ्हाईक आहे, करून दिलं. ऑफिसात मैत्रिणींना सांगून खूप हसले. वर्षभराने लक्षात आलं की माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांची मशीनं सगळ्यात कमी बिघडतात. रोज दीड तास नवं काही सुरू करायचं नाही म्हटल्यावर त्यांची माणसं तेवढा वेळ मशीनं पुसत, तेल घालत, नटबोल्ट आवळत. हसणं माझ्याच अंगाशी आलं. झाली गंमत, आता मुद्द्यावर येते.

येलहंक्याला मूर्ती म्हणून एक मालक होते. बारीक, हळू बोलणारे, खिशात कायम चार पेनं. पस्तीस माणसांचा कारखाना, शेडवरून हवाईदलाची विमानं गेली की दोन मिनिटं कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. त्यांच्याकडे तीन सीएनसी मशीनं होती, म्हणजे आकड्यांवर चालणारी. त्यातलं सगळ्यात मोठं मशीन चालवायचे मालोजीराव. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मी मालोजीअण्णा म्हणायची. वय पन्नाशीचं, मिशा पांढऱ्या, घर शिवाजीनगरात. त्यांची सातवी का आठवी पिढी बेंगळुरात. ते बोलायचे ती मराठी ऐकून मला आधी हसू यायचं आणि मग बरं वाटायचं. "अक्का, स्वल्प बसा की, चा घेऊन जावा," असं ते म्हणाले की माझ्या सांगलीहून सहाशे किलोमीटर लांब असल्याचं विसरायला व्हायचं. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी ते मला अक्काच म्हणायचे.

मी जयनगरहून शिवाजीनगरला यायची आणि तिथून येलहंक्याची बस पकडायची. मालोजीअण्णा त्याच बसला असायचे. बसमध्ये आम्ही मशीनबद्दल बोलायचो. त्या अख्ख्या कारखान्यात कंप्युटरला न घाबरलेला माणूस तो एकटाच. पहिल्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं, "अक्का, ह्यो कंप्युटर माझ्या मशीनला काय काय सांगणार?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सरी, ठीक. मग मला एक माणूस जास्त मिळाला म्हणायचं." मला फार आवडलं होतं ते.

त्यांची एक सवय होती. आपल्याकडे पुष्कळ कारागिरांची असते. सकाळी कामाला उभं राहण्याआधी ते मशीनचं सरकतं दार उघडायचे, आत वाकायचे, दोन्ही तळवे लोखंडी टेबलावर टेकवून डोळ्यांना लावायचे, आणि असं तीनदा. डोळे मिटलेले. मग दार लावून हिरवं बटण दाबायचे. वीस वर्षं जुन्या मशीनवर केलं, तसंच या नव्या मशीनवर. जुन्या मशीनवर त्यात धोका काहीच नव्हता, कारण त्यांनी बटण दाबल्याशिवाय काही हलायचंच नाही.

माझ्या वायरीने ते बदललं. आता मशीन केबिनमधून सुरू करता येत होतं. कंप्युटरवर एक कळ दाबायची, प्रोग्रॅम मशीनमध्ये जायचा आणि मशीन चालायला लागायचं. मूर्तींना याचंच सगळ्यात कौतुक. मला मात्र ती कळ पहिल्या दिवसापासून नको वाटायची. पण दाराला एक स्विच होतं. दार उघडं असेल तर ते स्विच कंप्युटरला कळवायचं, पडद्यावर लाल अक्षरात 'दार उघडं' यायचं आणि मशीन जागचं हलायचं नाही. मालोजीअण्णांना शिकवताना मी हे दहा वेळा सांगितलं होतं, दार उघडं असलं की ब्रह्मदेव आला तरी मशीन चालायचं नाही. त्यांनी मान डोलावली होती.

आणि मग ते स्विच बिघडलं. लोखंड कापताना त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते स्विचमध्ये शिरायला लागलं. दार बंद असतानासुद्धा ते मधूनच 'उघडं' म्हणायचं आणि मशीन कापता कापता मध्येच थांबायचं. दिवसातून पाचसात वेळा. जॉब वाया जायचा. त्यातच मोठ्या कंपनीची माणसं शनिवारी कारखाना बघायला येणार असं ठरलं. त्यांना आवडलं तर मूर्तींना तीन वर्षांचं काम मिळणार होतं, नाही आवडलं तर मशीनचे हप्ते भरता येणं कठीण आणि पस्तीस माणसांचं काय होईल ते देव जाणे. मूर्ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मेडम, स्वल्प काहीतरी करा."

मी केलं. मशीनच्या मागचं पॅनेल उघडलं आणि स्विचच्या दोन टोकांना एक पिवळ्या वायरीचा तुकडा जोडला, करंगळीएवढा. त्या तुकड्यामुळे मशीनला कायम वाटायला लागलं की दार बंद आहे. मी मूर्तींना सांगितलं, हे दोन दिवसांपुरतं. नवं स्विच मागवते. इलेक्ट्रिशियनला सांगितलं. मालोजीअण्णांना सांगायचं होतं, पण त्या दिवशी ते रजेवर होते.

खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. दार उघडं असलं की मशीन चालत नाही, असं ज्याला मी दहा वेळा छातीठोकपणे सांगितलं, त्याला आता कुठल्या तोंडाने सांगू, असं वाटत होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणून मी गप्प बसले.

नवं स्विच गुरुवारी आलं. ते माझ्या पिशवीत होतं. शुक्रवारी बसवायचं म्हटलं तर मशीन अर्धा दिवस बंद ठेवावं लागणार होतं, आणि शुक्रवारी पाहुण्यांना दाखवायचे नग तयार करायचे होते. मूर्ती म्हणाले, शनिवार होऊ दे. मी हो म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी बसमध्ये मालोजीअण्णा माझ्या शेजारीच बसले होते. ते पाहुण्यांसाठी मुलीच्या लग्नात घेतलेला शर्ट इस्त्रीला टाकल्याचं सांगत होते. स्विच माझ्या मांडीवरच्या पिशवीत. तरी मी शर्टाबद्दलच बोलले. वर म्हटलं, "अण्णा, उद्या आत जास्त वाकू नका हां, शर्टाला तेल लागेल." इतकं जवळ जाऊन मी तिथून परत फिरले.

शनिवारी आम्ही दोघं नेहमीपेक्षा एक बस आधीची पकडून आलो. शेडमध्ये अजून अंधारच होता. मालोजीअण्णा कपडे बदलायच्या खोलीकडे गेले, मी केबिनमध्ये. केबिन काचेची होती, शेडच्या कोपऱ्यात, मोठ्या मशीनसमोर. ट्यूबलाइट लावली आणि कंप्युटर सुरू केला. सकाळी बाहेर अंधार आणि आत उजेड असला की त्या काचेत बाहेरचं काही दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो. मी माझ्या चेहऱ्याकडे बघून केस नीट केले.

दहाला पाहुणे येणार. त्यांच्यासमोर फजिती नको म्हणून मी एकदा करून बघायचं ठरवलं. मशीन गरम करायचा एक प्रोग्रॅम असतो, कापत काही नाही, नुसतं टेबल इकडून तिकडे फिरवतो. तो निवडला. पडद्यावर सगळं हिरवं. मशीन तयार. दार बंद.

माझा अंदाज होता की अण्णा अजून कपडे बदलतायत, मग चहा घेतील, मग येतील. त्यांनी चहा घेतला नव्हता. महत्त्वाचा दिवस म्हणून ते आधी नमस्काराला गेले होते. मी कळ दाबली.

टेबल सरकल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. पडद्यावर लाल अक्षरं आली, भार जास्त आहे म्हणून. ही सूचना आमच्याकडे नेहमी यायची. थंडीत तेल घट्ट झालं की मशीन कुरकुरतं, मग सूचना पुसून पुन्हा कळ दाबायची. मी चिडून सूचना पुसली आणि माझं बोट पुन्हा त्या कळीवर गेलं. त्याच वेळी शेडमधून कुणीतरी ओरडलं, "मेडम, आफ! आफ!"

माझं बोट त्या कळीला टेकलेलं होतं. दाबायचं राहिलं ते केवळ त्या ओरडण्याने. हे मी आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. रात्री अचानक जाग येते तेव्हा मला मशीन दिसत नाही, रक्त दिसत नाही, ते बोट दिसतं.

टेबल आणि त्यामागच्या लोखंडी खांबाच्या मध्ये मालोजीअण्णांचा उजवा हात सापडला होता. ते ओरडले नाहीत. ओरडला तो झाडूवाला. अण्णा नुसते मशीनला टेकून उभे होते, चेहरा राखेसारखा पडला होता. मशीन हाताने मागे घ्यावं लागतं, चाक फिरवून, आणि ते कसं फिरवायचं ते तिथे अण्णा सोडले तर मला एकटीलाच माहीत होतं. चुकीच्या बाजूला फिरवलं तर हात आणखी चिरडणार. मी चाक धरलं आणि तशीच थांबले. अण्णाच म्हणाले, "डावीकडं, अक्का. सावकाश." मी डावीकडे फिरवलं.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं वाकडं राहिलं. मूर्ती त्यांना आपल्या गाडीत घालून घेऊन गेले. पाहुण्यांना फोन करून सोमवारी या म्हणून कळवलं. जाताना मूर्ती माझ्याकडे न बघता म्हणाले, सरकारी तपासनीस येईल, त्याआधी पॅनेल सरी करून ठेवा.

मी पिशवीतून नवं स्विच काढलं. वायर काढली, स्विच बसवलं, दार उघडून बघितलं, पडद्यावर लाल अक्षरात 'दार उघडं' आलं. सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं लागली. अर्धा दिवस लागेल असं मीच सांगितलं होतं, आणि शुक्रवारी तो अर्धा दिवस कुणाकडे नव्हता. तिथेच मशीनच्या मागे बसून मी रडले. भीतीने रडले, हे लिहायलाच हवं. दुःख नंतर आलं. आधी एकच विचार होता की आता माझं काय होणार. मुलगी तिसरीत होती, नोकरी जाईल, पोलीस येतील, जयनगरात लोक काय म्हणतील.

तपासनीस दुपारी आले. सभ्य गृहस्थ होते. दार उघडून बघितलं, पडदा बघितला, लिहून घेतलं. मग मला विचारलं, "सकाळी हे स्विच चालू होतं?"

"होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं माझा चेहराच सगळं सांगेल, पण चेहऱ्याने काही सांगितलं नाही. मग ते हॉस्पिटलमध्ये अण्णांकडे गेले. अण्णांनी डाव्या हाताचा अंगठा देऊन लिहून दिलं की मी न विचारता आत हात घातला, चूक माझी. स्विच चालू असताना मशीन सुरू कसं झालं, हे कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनाच ते प्रकरण मिटायला हवं होतं.

मोठ्या कंपनीचं काम मूर्तींना मिळालं. अण्णांना त्यांनी काढलं नाही, स्टोअरला घेतलं. मूर्तींना मी वाईट म्हणणार नाही, ते माझ्याइतकेच भ्यालेले होते. अण्णा डाव्या हाताने कंप्युटरवर माल भरायला शिकले. शिकवायला मीच. शेजारी खुर्ची टाकून बसायची, ते एकेक कळ शोधून दाबायचे, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज विचारतील. त्यांनी एकदाच विचारलं, तेही मशीनच्या शेडकडे बघत. "अक्का, त्याला कळलं न्हाई व्हय, मी आत हाय म्हणून?" मी म्हटलं, "नाही अण्णा, कळलं नाही." ते "सरी" म्हणाले आणि पुढची कळ शोधायला लागले. त्या दिवसानंतर ते मशीनच्या शेडमध्ये गेलेले मी पाहिले नाहीत.

वर्षभराने मी येलहंक्याचं काम सोडलं. पुढे ज्या ज्या कारखान्यात गेले तिथे कंप्युटरला हात लावायच्या आधी पॅनेल उघडून बघायची. असे तुकडे ठिकठिकाणी सापडायचे, कुठे लाल, कुठे निळे, एका ठिकाणी तर नुसती केसांची पिन. मी ओढून काढायची. मालक वैतागायचे, दोघांनी तर मला हाकलून दिलं. माझ्या पाठीमागे मला वायरवाली बाई म्हणायचे हे मला ठाऊक होतं. आणखी एक नियम केला, की केबिनमधून कळ दाबली तरी मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाने आपलं बटण दाबल्याशिवाय काही हलायचं नाही. मोठ्या कंपन्यांच्या इंजिनियरांनी त्याचं कौतुक केलं, ही कल्पना कशी सुचली असं विचारलं. मी म्हटलं, सुचली. या दोन गोष्टींचा मला अभिमान आहे आणि त्या अभिमानाची लाजही वाटते.

घरी तर माझी चेष्टाच होते. मिक्सर लावायच्या आधी मी "हात काढा" म्हणून ओरडते, स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसलं तरी. नातू माझी नक्कल करून दाखवतो.

इथवर लिहून मी कागद पाकिटात घातले आणि फार मोकळं वाटलं. पंचवीसएक वर्षांनी एकदाचं खरं लिहून टाकलं, छापूनही येणार. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना माझ्या लक्षात आलं की मालोजीअण्णांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्या घरात सगळे मराठी बोलतात आणि वाचतात कन्नड, पिढ्यान्पिढ्या. म्हणजे मी कबुली दिली ती अशा अक्षरांत, की ज्याला द्यायची तो सोडून सगळ्यांनी वाचावी. भित्रेपणाची कमाल झाली. मी भाजी तशीच ठेवली, पाकीट घेतलं आणि शिवाजीनगरला गेले.

जिना चढताना दोनदा थांबले. अण्णांच्या सुनेने दार उघडलं, खुर्ची दिली. अण्णा खिडकीपाशी बसले होते, ऐंशीच्या घरातले, पण आवाजावरून त्यांनी मला लगेच ओळखलं. मी म्हटलं, एक लिहिलंय, तुम्हाला वाचून दाखवायचंय. ते म्हणाले, वाचा की. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. राहुकाळापाशी ते हसले. पिवळ्या वायरीपाशी मी थांबले, पाणी प्यायले आणि पुढे वाचलं. कळ, बोट, स्विच, चाळीस मिनिटं. तपासनिसाला मी काय सांगितलं ते वाचलं आणि कागद खाली ठेवला. वर बघायची हिंमत होईना.

ते म्हणाले, "वायर मला ठाऊक होती, अक्का. शुक्रवारी इलेक्ट्रिशियननं दाखवली होती. पिवळी."

मी विचारलं, "माहीत होतं, तर मग आत हात का घातलात अण्णा?"

"अंधार होता की भायेर. तुम्ही आत दिव्याखाली बसलेल्या, एकदम साफ दिसत होता. माझ्याकडंच तोंड करून," ते म्हणाले. "म्हटलं, अक्का बघतायत. मग भ्यायचं कशाला?"